सासूबाईंचा ‘स’

"मुकी माणसं फोन घेतात का? मला एवढंच सांग. घेतात का?"

थोरलीच्या केसांतून पाणी गळत होतं. डोक्याला गुंडाळलेला टॉवेल सुटून खांद्यावर आला होता आणि न्हाणीघरापासून टेबलापर्यंत ओल्या पावलांची रांग उमटली होती. फोन वाजायला लागला तेव्हा तिच्या तोंडाला साबण होता. वाजायचा थांबला तेव्हा तिला वाटलं, कंटाळून ठेवला असेल. पण मग दारापलीकडून धाकटीचा "हॅलोऽऽ" ऐकू आला, आणि थोरलीनं साबण न धुताच अंगावर कपडे चढवले.

धाकटी टेबलाशी मटार सोलत बसली होती. फोन तिनं जागच्या जागी नेऊन ठेवला होता, अगदी चार्जरसुद्धा परत लावून.

"तीनदा वाजलाऽऽ," ती म्हणाली. "म्हटलं, कुणाचं बरंवाईट झालं असलं तरऽऽ?"

"होऊ दे. घरात दोन बाप्ये बसलेत, त्यांचे हात गळून पडलेत का?"

दोन बाप्ये खरंच बसले होते. नवरा वर्तमानपत्रामागे होता आणि मुलगा खिडकीशी चष्म्याच्या काचा पुसत होता. आपलं नाव निघालं तसं नवऱ्यानं वर्तमानपत्र एक पान पुढे उलटलं.

"कोण होतं?"

"तुझ्या मेट्रनबाईऽऽ."

थोरली खुर्ची ओढून बसली. "काय बोललीस तू त्यांच्याशी?"

"मी कुठं बोललेऽऽ? त्याच बोलल्याऽऽ. ताई आहेत काऽऽ, म्हणाल्या. म्हटलं, न्हातेयऽऽ. तर म्हणाल्या, आपण कोणऽऽ."

धाकटीच्या तोंडात गेल्यामुळे मेट्रनबाईंनाही शेपूट फुटलं होतं.

"मग?"

"म्हटलं, मोलकरीणऽऽ."

मुलगा फसकन हसला. थोरलीचा जीव अर्धा भांड्यात पडला, अर्धा बाहेरच लटकत राहिला. म्हणजे आपण बेटावरची बाई कामाला ठेवलीय, असं मेट्रनबाईंना वाटलं. वाईटच, पण त्याहून वाईट होऊ शकलं असतं.

"आणि निरोप दिला त्यांनीऽऽ." धाकटीनं एक शेंग फोडली, दाणे अंगठ्यानं पातेल्यात सोडले. "वसतिगृहात एक पलंग रिकामा झालाय म्हणूनऽऽ. मुक्या बहिणीला बुधवारी घेऊन या, म्हणावंऽऽ. म्हटलं, सांगतेऽऽ."



*

चार महिन्यांपूर्वी धाकटी एक ट्रंक आणि एक पिशवी घेऊन बोटीतून उतरली होती. नवरा गेल्याचा महिना पुरा व्हायच्या आत दिरानं घराला कुलूप घातलं होतं. लेकरू नव्हतं, आई-बाप कधीच गेले होते. राहता राहिली थोरली. थोरली तिला आणायला धक्क्यावर गेली, गळ्यात पडून रडली, आणि परतीच्या वाटेवर, गाडीत बसल्या बसल्या, डोळे पुसून म्हणाली, "हे बघ, बिल्डिंगमध्ये कुणाशी बोलायचं नाही. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, तू मुकी आहेस."

धाकटीला वाटलं, चार दिवसांची गंमत आहे.

बेटावरची माणसं वाक्याचं शेपूट लांबवतात. तिथं अर्धं बोलणं पाण्यावरून होतं, या होडीतून त्या होडीत, नाहीतर धक्क्यावरून होडीत. आधीचे शब्द वाऱ्यावर गेले तरी चालतात, शेवटचा पोचायला हवा. मग जमिनीवर, चुलीपुढे, अंथरुणातसुद्धा तोच लांबवायचा. शहरातली पोरं त्यांना शेपटीवाले म्हणतात. मोठी माणसं तसं म्हणत नाहीत. शेपटीवाल्यांना घरं भाड्यानं देत नाहीत एवढंच.

थोरली एकविसाव्या वर्षी लग्न होऊन शहरात आली तेव्हा तिचंही शेपूट हातभर होतं. लग्नाला आठवडा झाला असेल. जिन्यातल्या बायकांना ती म्हणाली होती, "मी नवीन सूनऽऽ," आणि त्या बायका वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत एकमेकींना "ऽऽ, ऽऽ" करत गेल्या होत्या. त्या दिवशी थोरलीनं ठरवलं की हे छाटायचं. छाटून तिथं काय लावायचं, हेही तिनं ठरवलं. घरात नमुना होता. सासूबाई.

सासूबाई कमी बोलायच्या, पण बोलायच्या ते काही औरच. शब्द पुरता बाहेर सोडायच्याच नाहीत. शेवटचं अक्षर ओठांत आवळून धरायच्या, जणू काही जगाला सगळंच द्यायची गरज नाही. आणि त्यांचा ‘स’! दातांतून हलकेच शीळ घालावी तसा निघायचा. बोलताना हातातला रुमाल डाव्या गालाशी धरायच्या. थोरलीनं असं खानदानी बोलणं जन्मात ऐकलं नव्हतं. नवरा आणि सासरे तसं बोलत नव्हते हे तिच्या कानांनी टिपलं होतं. पण पुरुषांचं काय, पुरुष रांगडेच असतात. शेजारणीही तसं बोलत नव्हत्या. त्यावरून थोरलीनं एवढंच ताडलं की शेजारणी हलक्या घरातल्या आहेत.

दोन वर्षं तिनं सासूबाईंच्या मागे मागे, त्यांना ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात, त्यांचं प्रत्येक वाक्य पुन्हा म्हटलं. त्या म्हणायच्या, "दूध उतू जातंय." ही भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "दूध उतू जातंय." त्या म्हणायच्या, "साखर कुठाय?" ही डब्यात तोंड घालून म्हणायची, "साखर कुठाय?" सासूबाईंनी एकदा तिच्या हातून डबा हिसकावून घेतला होता. थोरलीला वाटलं, उच्चार चुकला.

दोन वर्षांनी शेपूट गळून पडलं. तिसऱ्या वर्षी ती मोठ्या इस्पितळात केसपेपरच्या खिडकीवर लागली, आणि दहाव्या वर्षी तिला माइक मिळाला. "क्रमांक सदतीस, खोली चार." "क्रमांक अडतीस, रक्त तपासणी." बाकांवर दाटीवाटीनं बसलेली दोनशे माणसं तिच्या आवाजावर उठायची आणि बसायची. घरी आली की ती म्हणायची, "आज घसा पार बसला हो," आणि त्यात तक्रार कमी, ऐट जास्त असायची.

खिडकीशी बेटावरचा कुणी आला की तिला तो पहिल्या वाक्यातच कळायचा. मग ती चष्मा नाकावर खाली घ्यायची.

"नीट बोला."

"कानातून पू येतोयऽऽ."

"काय येतंय? नीट बोला, मराठीत बोला."

"पू, बाई, पूऽऽ."

रांगेत हसू फुटायचं. थोरली हसायची नाही, ते तिच्या पदाला शोभलं नसतं. ती तिसऱ्यांदा विचारायची. माणूस खाली मान घालायचा, बोटानं कान दाखवायचा, आणि मग कुठे ती लिहून घ्यायची.

गेल्या महिन्यात असाच एक म्हातारा आला होता. तिन्ही वेळा त्यानं न चिडता सांगितलं. मग खिडकीच्या जाळीला कान लावून तिचं बोलणं ऐकलं आणि कळवळून म्हणाला, "बाई, तुम्हाला झटका कधी आलाऽऽ? आमच्या भावाचं तोंड असंच झालं होतंऽऽ. कोमट मीठपाण्याच्या चुळा भरत जाऽऽ, थोडं सुटतंऽऽ."

थोरलीनं त्याचा केसपेपर गठ्ठ्याच्या तळाशी घातला. दोन वाजता दवाखाना बंद झाला तेव्हा तो अजून बाकावर होता. त्याला "उद्या या" म्हणून तिनं माइकवरून सांगितलं, नंबर न पुकारता, "तो बेटावरचा म्हातारा" असं म्हणून. जेवताना तिनं हा किस्सा घरात रंगवून सांगितला होता. या लोकांच्या जिभेला हाड नाही ते नाहीच, म्हणाली. नवरा आणि मुलगा ताटातून मान वर न करता जेवत राहिले होते. फक्त धाकटीनं विचारलं होतं, "मग त्याच्या कानाचं काय झालंऽऽ?"

*

"तू मला तिथं टाकणार होतीसऽऽ?" धाकटीनं आता विचारलं. रागावून नाही. दुकानात भाव विचारावा तसं.

"टाकणार काय? टाकतात तो कचरा. चांगलं वसतिगृह आहे. मूकबधिर बायका राहतात, इस्पितळाच्या चादरी शिवतात. पलंग आहे, दोन वेळचं जेवण आहे."

"पण मी मुकी नाहीऽऽ."

"तेच तर!" थोरलीनं टेबलावर हात आपटला. चार दाणे टुणकन उडून खाली गेले. "चार महिने घसा कोरडा करतेय मी. शेवटचं अक्षर आवळ, आवळ, आवळ. पालथ्या घड्यावर पाणी. दोन वाक्यं धड येत नाहीत तुला अजून. मग कशी ठेवू? उद्या याला पोरगी बघायची झाली तर माणसं येतील घरात. त्यांच्यासमोर काय शेपूट हलवणार आहेस?"

"मला नको मध्ये घेऊ," खिडकीशी मुलगा म्हणाला. "मला मावशीचा काही त्रास नाही." मग त्यानं चष्मा डोळ्याला लावला, मान किंचित तिरकी केली, आणि अगदी धाकटीच्या आवाजात म्हणाला, "मी मोलकरीणऽऽ. मुकी तेवढी बाजारात गेलीयऽऽ."

पोराला नकलांचा नाद लहानपणापासून होता. तो कामाला होता त्या चष्म्याच्या दुकानातसुद्धा गिऱ्हाईक बाहेर पडलं की तो मालकाला त्याची नक्कल करून दाखवायचा. थोरली इतक्या रागातही हसली. धाकटीही हसली. तिला आपली नक्कल नेहमीच आवडायची. घरात आपल्यासारखं कुणीतरी बोलतंय असं वाटायचं.

"बघ," थोरली म्हणाली, "पोरसुद्धा चेष्टा करतंय. अगं, मीही त्याच धक्क्यावरून आले ना? दोन वर्षांत शिकले. कुणी मारून शिकवलं नाही मला. आज आहे कुणाची बिशाद मला बेटावरची म्हणायची? इस्पितळात तीस वर्षं झाली. कुणाला पत्ता लागला?"

वर्तमानपत्र हललं. मुलानं पुसलेली काच पुन्हा पुसायला घेतली.

धाकटी अडाणी होती, पण पाण्यावर वाढलेली होती. वारा पडला की तिला आधी कळायचं. तिनं एकदा वर्तमानपत्राकडे पाहिलं, एकदा खिडकीकडे.

"भावोजी, खरंच कुणाला कळत नाही का होऽऽ?"

"चहा होणार आहे का आज?" वर्तमानपत्र म्हणालं.

"बाळा," धाकटी मुलाकडे वळली. "आता आईची करऽऽ."

"काय?"

"नक्कलऽऽ. माझी केलीस ना, आता आईची करऽऽ."

"आईची कसली आलीय नक्कल," थोरली म्हणाली. "नक्कल करायला काही वावगं लागतं बोलण्यात. हं, कर रे. कर, बघू."

मुलानं बापाकडे पाहिलं. बापानं मान हलवली, नको म्हणून. पण ती हलवली वर्तमानपत्रामागे. आणि शिवाय कलावंताला कुणी ‘कर’ म्हटलं की त्याला राहवत नाही. त्यानं डावा गाल आत ओढला, ओठ एका बाजूनं शिवल्यासारखे मिटले आणि उरलेल्या फटीतून शीळ घालत म्हणाला,

"क्रमांक शदती... खोली चा... शगळ्यांनी शांत बशा... नंबराशिवाय कुणी आत घुशू न..."

इतकं हुबेहूब होतं की वर्तमानपत्रामागून खुसकन आवाज आला. ही नक्कल आज बसवलेली नव्हती. शाळेच्या मधल्या सुट्टीत, मित्रांच्या पार्ट्यांत, दुकानात, वीस वर्षं घासून घासून ती अशी गुळगुळीत झाली होती.

"हे काय?" थोरली म्हणाली. "ही... ही तर सासूबाई."

मुलानं आत ओढलेला गाल सोडला.

"अरे, ही तर तुझी आजी. मी अशी कुठं बोलते? अहो, मी अशी बोलते?"

नवऱ्यानं वर्तमानपत्राची घडी घातली. घडीची पुन्हा घडी घातली. उभा जन्म लोकांच्या जिन्याखाली उभं राहून विजेचे मीटर मोठ्यानं वाचून सांगण्यात गेल्यामुळे त्याला एकच पट्टी येत होती, ठणठणीत. हळू बोलायचं ठरवलं तरी शब्द जिन्यात गेल्यासारखे घुमायचे.

"आईच्या जबड्यात गळू झालं होतं. आपल्या लग्नाच्या आधी सहा वर्षं. कापताना शीर कापली गेली. डावी बाजू गेली ती गेलीच. तिला लाज वाटायची, म्हणून रुमाल. घरात विषय काढायचा नाही असं बाबांनी सांगून ठेवलं होतं."

"मला नाही कुणी सांगितलं."

"आता विषयच काढायचा नाही म्हटल्यावर..."

"तीस वर्षं?"

"आधी वाटलं, जाईल. मग सवय झाली. मग तुला माइक मिळाला. म्हटलं, आता काय सांगायचं. त्या माइकवर कुणाचाही आवाज डब्यात बसल्यासारखाच येतो, खपून जाईल. गेलाच की खपून." त्यानं घडी मांडीवर ठेवली. मग, एकदा तोंड उघडलंच आहे तर सगळंच सांडून टाकू म्हणणाऱ्या माणसासारखा पुढे म्हणाला, "आईला मात्र लागलं ते. तिला वाटायचं तू तिला वेडावतेस. भिंतीकडे तोंड करून रोज वेडावतेस. शेवटी शेवटी तुझ्या हातचं पाणी घ्यायची नाही ती, आठवतं ना? त्यामुळे."

थोरलीला आठवत होतं. शेवटचा दीड महिना सासूबाई पेला ओठांना लागला की तोंड फिरवायच्या. थोरली म्हणायची, "सासूबाई, घोटभर तरी घ्या ना," शक्य तितक्या शुद्ध, शक्य तितक्या त्यांच्यासारख्या उच्चारात. म्हातारीच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी वाहायचं. थोरलीला वाटायचं, माया.

"म्हणजे बिल्डिंगमध्ये..."

"बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहिती आहे, आई," मुलगा म्हणाला. नक्कल उतरवून तो आता मालकासारखा बोलत होता, गोड आणि आखूड, गिऱ्हाइकाला नंबर वाढलाय सांगावा तसा. "तू बेटावरची आहेस तेही, आणि मावशी मुकी नाही तेही. भिंती एवढ्याशा आहेत. मावशी भांडी घासताना गाते. समोरच्या काकू परवा म्हणाल्या, मुकीचा गळा गोड आहे हो तुमच्या."

"मेट्रनबाईंना?"

"त्या बिचाऱ्या नाकात बोलतात. त्यांना वाटतं इतरांचंच चुकतंय. त्यांना नसेल कळलं."

"अगं, इतकं काय त्यात," नवरा म्हणाला. "कुणी कुणाच्या तरी तोंडातून उचलतोच. मी जिन्यातून उचललं, यानं दुकानातून. बरं झालं, एकदाचं निघालं. आता हिचंही सोंग पुरे. राहू दे हिला इथंच, बोलू दे मोकळेपणानं. काय मेहुणीबाई?"

सगळं इथं निभावलं असतं. थोरली डोळे खाली घालून बसली होती, हात ओल्या टॉवेलवर होते. तिचं तोंड दोनदा उघडलं आणि दोनदा मिटलं. कसं उघडायचं तेच तिला सुचत नव्हतं. आणखी दोन मिनिटं तशीच गेली असती तर ती कदाचित उठून चहा ठेवायला गेली असती, आणि धाकटी त्या घरात मरेपर्यंत राहिली असती.

पण धाकटीला हसू आलं. आधी नाकातून आलं. तिनं ते दाबलं. मग पोटातून आलं. चार महिने दाराआड, मुकाट्यानं, मूग गिळून काढलेली बाई ती. एकदा सुटली ती सुटलीच. पातेलं कलंडलं, मटार फरशीवर घरंगळले, आणि तीही खुर्चीवरून घसरत खाली मटारांत बसली.

"ताईऽऽ," ती म्हणाली. तिचा श्वास पुरत नव्हता. "अगं ताईऽऽ, लोक सासूचे दागिने घेतातऽऽ. तू तिचं दुखणं घेतलंसऽऽ! आणि ते मला शिकवत होतीसऽऽ! आवळ, आवळऽऽ! अगं, शिकले असते तर एका घरात दोन वाकड्या झाल्या असत्याऽऽ!"

मुलाला आवरलं नाही. नवऱ्यानं घडी घातलेलं वर्तमानपत्र तोंडाशी धरलं, पण त्याचे खांदे गदगद हलत होते. धाकटी डोळे पुसत होती आणि पुन्हा हसत होती. तिनं थोरलीच्या गुडघ्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायची तसा, तूही हस म्हणून.

थोरलीनं तो हात उचलून बाजूला ठेवला.

तिनं टॉवेल पिळला, केसांना घट्ट बांधला. मग चार्जर काढला, फोन हातात घेतला आणि मेट्रनबाईंचा नंबर शोधला.

"काय करतेस?" नवरा म्हणाला.

"जागा जाईल. आजच कळवायला हवं."

"आई, तिथं मुक्या बायका घेतात," मुलगा म्हणाला. त्याचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. "मावशी पहिल्याच दिवशी बोलेल."

"नाही बोलणार. बोलली तर ते ठेवणार नाहीत. त्यांनी ठेवलं नाही तर मी ठेवणार नाही. दिराच्या दाराला कुलूप आहे." थोरली सगळं सलग, एका दमात म्हणाली. ‘स’ येईल तिथं तो जसा यायचा तसा आला, शीळ घालत, आणि या वेळी कुणी हसलं नाही. "तिला हे कळतं. ती मूर्ख नाही."

धाकटी मटारांत बसली होती. तिनं तोंड उघडलं, थोरलीकडे पाहिलं, आणि मिटलं.

"बघा, आतापासून जमतंय," थोरली म्हणाली, आणि फोन कानाला लावून, तिकडे घंटा वाजत असताना, तिघांकडेही न बघता तिनं सांगून टाकलं, "बुधवारी सकाळी आठला हिला वसतिगृहात सोडायचं. ट्रंक जाणार नाही, पिशवी तेवढी जाईल. फॉर्मवर ‘जन्मापासून’ असं लिहायचं."